घरभाडे भत्ता : सेवकाचे घर आणि सरकारची तिजोरी

शासकीय सेवकाच्या वेतनपत्रकात मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्याखालोखाल ज्या रकमेची नोंद असते ती घरभाडे भत्त्याची. पहिल्या दोन रकमांची चर्चा वर्तमानपत्रांत, कर्मचारी संघटनांच्या सभांत आणि चहाच्या टपरीवरही होते. तिसऱ्या रकमेकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. पगार झाला की ती पगारात मिसळून जाते आणि घरमालकाला द्यावयाचे भाडे वेगळ्या खिशातून दिले जाते, अशीच बहुतेक घरांतील रीत आहे. वस्तुतः या एका भत्त्याचा परिणाम सेवकाच्या संसारावर, गावातील भाड्यांवर, शासकीय वसाहतींवर आणि शेवटी करदात्याच्या पैशावर होत असतो. गावकऱ्यांनाही त्याची माहिती असणे अगत्याचे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. भत्त्याच्या नावात ‘घरभाडे’ हा शब्द असला तरी सेवक प्रत्यक्षात किती भाडे देतो याच्याशी भत्त्याच्या रकमेचा संबंध नाही. केंद्र शासनाच्या नियमांनुसार ही रक्कम दोन गोष्टींवर ठरते : सेवकाचे मूळ वेतन आणि त्याच्या कामाच्या ठिकाणाचा वर्ग. समान मूळ वेतनाच्या दोघा लिपिकांपैकी एकजण फोंड्याला ४,००० रुपयांच्या खोल्यांत राहत असेल आणि दुसरा पणजीत ९,००० रुपये मोजत असेल, तरी दोघांच्या हाती पडणारा भत्ता सारखाच. फार काय, स्वतःच्या घरात राहणाऱ्या सेवकासही हा भत्ता मिळतो. भाड्याची पावती दाखविण्याची सक्ती नाही. आपण भाड्यावर काही खर्च करीत आहोत, अथवा आपल्या घराची घरपट्टी भरतो किंवा देखभाल करतो, एवढे प्रमाणपत्र कार्यालयात दिले म्हणजे पुरे होते.

शहरांचे वर्ग

लोकसंख्येनुसार शहरांचे तीन वर्ग केलेले असून त्यांना एक्स, वाय आणि झेड ही नावे आहेत. ५० लाख व त्यावरील वस्तीची शहरे पहिल्या वर्गात, ५ लाख ते ५० लाख वस्तीची दुसऱ्या वर्गात आणि उरलेली सारी गावे व शहरे तिसऱ्या वर्गात. मराठी भाषिकांची जुनी वस्ती असलेल्या महाराष्ट्राबाहेरील केंद्रांपैकी हैदराबाद पहिल्या वर्गात मोडते. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा आणि बेळगाव ही दुसऱ्या वर्गात. महाराष्ट्रात मुंबई व पुणे पहिल्या वर्गात आहेत. पुण्याला हे स्थान १ एप्रिल २०१५ पासून मिळाले. त्यापूर्वी ते दुसऱ्या वर्गात होते. त्याच वेळी नांदेड, सांगली, मालेगाव आणि वसई-विरार ही शहरे तिसऱ्या वर्गातून दुसऱ्यात आली.

बेळगावचे उदाहरण बोधप्रद आहे. २०११ च्या शिरगणतीत बेळगाव महानगरपालिकेच्या हद्दीतील लोकसंख्या ५ लाखांहून कमीच भरली होती. परंतु वर्गवारीसाठी केवळ पालिकेची हद्द न धरता सभोवतालच्या वस्तीसह होणारे नागरी संकुल धरले जाते आणि त्याची लोकसंख्या ६ लाखांच्या वर होती. कॅम्प आणि लगतची गावे यांच्या आधारावरच शहरातील केंद्रीय सेवकांना वरचा दर मिळतो, असे म्हटले तर ते चुकीचे ठरणार नाही.

गोव्याची गोष्ट याहून निराळी. २०११ मध्ये संपूर्ण राज्याची लोकसंख्याच १४ लाख ५८ हजारांच्या घरात होती आणि ५ लाख वस्तीचे एकही शहर तेथे नाही. लोकसंख्येचा निकष तंतोतंत लावला असता तर पणजी, मडगाव, वास्को ही सारी शहरे तिसऱ्या वर्गात गेली असती. तथापि शिलाँग आणि पोर्ट ब्लेअर यांच्याबरोबर गोव्यासही खास आदेशान्वये दुसऱ्या वर्गाचा दर लागू ठेवण्यात आला. घरांची टंचाई केवळ वस्तीच्या आकड्यावरून ओळखता येत नाही, हे शासनाने या ठिकाणी मान्य केले, असा त्याचा अर्थ घ्यावा लागेल. पर्यटनामुळे गोव्यात भाड्याने मिळणाऱ्या घरांची काय स्थिती असते, हे तेथे बदलून गेलेल्या कोणत्याही पोस्टमनला विचारावे.

आणखी एक बाब वारंवार गोंधळ उडविते. भत्ता ठरतो तो कामाच्या ठिकाणावरून, राहत्या गावावरून नव्हे. बेळगावात बिऱ्हाड करून खानापूरच्या टपाल कार्यालयात जाणाऱ्या सेवकास खानापूरचा, म्हणजे तिसऱ्या वर्गाचा दर मिळतो. उलट कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्यात वडिलार्जित घरी राहून बेळगावातील रेल्वेच्या कार्यालयात येणाऱ्या सेवकास दुसऱ्या वर्गाचा. राज्याची सीमा ओलांडली म्हणून त्यात फरक पडत नाही. हे सारे नियम केंद्रीय सेवकांचे आहेत. राज्य शासने आपापल्या सेवकांसाठी स्वतंत्र आदेश काढतात आणि कर्नाटक, मध्य प्रदेश, गुजरात किंवा तेलंगणा येथील राज्य सेवकांनी आपल्या वित्त विभागाचा आदेशच प्रमाण मानावयाचा असतो.

वर्गवारी शिरगणतीवर उभी असल्याने शिरगणती लांबली की वर्गवारीही थबकते. २०२१ साली व्हावयाची शिरगणती त्या वर्षी झाली नाही. त्यामुळे २०११ चे आकडेच पुढे चालू राहिले. या काळात एखाद्या शहराने ५ लाखांची मर्यादा ओलांडली असली तरी तेथील भाडेकरू सेवकास त्याचा लाभ नाही. घरमालकाला मात्र शहर वाढल्याचे कळावयास शिरगणती लागत नाही.

दरांची चढण

पाचव्या वेतन आयोगानंतर १९९७ मध्ये जे दर ठरले ते सर्वांत मोठ्या शहरांत मूळ वेतनाच्या ३० टक्के, मध्यम शहरांत १५ टक्के, लहान शहरांत साडेसात टक्के आणि वर्गवारीबाहेरील गावांत ५ टक्के असे होते. सहाव्या वेतन आयोगानंतर १ सप्टेंबर २००८ पासून ही उतरंड सोपी होऊन ३०, २० आणि १० टक्के असे तीनच दर राहिले. मोठ्या शहरातील टक्केवारी जशीच्या तशी राहिली. खेड्यात काम करणाऱ्याची दुप्पट झाली. या बदलाचा गाजावाजा त्या वेळी फारसा झाला नाही, परंतु ग्रामीण भागातील टपाल व अन्य केंद्रीय सेवकांच्या दृष्टीने तो पगारवाढीइतकाच महत्त्वाचा होता.

सातव्या वेतन आयोगाचे वेतन १ जानेवारी २०१६ पासून लागू झाले. भत्त्यांचा प्रश्न मात्र एका समितीकडे सोपविण्यात आला आणि सुधारित घरभाडे भत्ता १ जुलै २०१७ पासून मिळू लागला. मधल्या १८ महिन्यांची थकबाकी देण्यात आली नाही. त्या काळात सेवक नव्या वेतनावर आणि जुन्या वेतनावर मोजलेल्या भत्त्यावर राहत होता. नवे दर २४, १६ आणि ८ टक्के असे ठरले. टक्केवारी उतरली, पण ज्या वेतनावर ती मोजावयाची तेच वाढले असल्याने रक्कम वाढली. महागाई भत्ता २५ टक्क्यांच्या वर जाईल तेव्हा हे दर २७, १८ व ९ होतील आणि ५० टक्क्यांवर पोचेल तेव्हा ३०, २० व १० होतील, अशीही तरतूद होती. त्याप्रमाणे पहिली पायरी जुलै २०२१ मध्ये आणि दुसरी जानेवारी २०२४ मध्ये चढली गेली. दुसऱ्या वर्गाच्या शहरातील ५०,००० रुपये मूळ वेतनाच्या सेवकास यामुळे प्रथम ८,०००, नंतर ९,००० आणि शेवटी १०,००० रुपये असा भत्ता मिळाला.

अल्प वेतनाच्या सेवकासाठी किमान रकमांची मर्यादा घातली गेली. ती अनुक्रमे ५,४००, ३,६०० आणि १,८०० रुपये अशी आहे. तत्कालीन निवेदनानुसार वेतनस्तर १ ते ३ मधील साडेसात लाखांहून अधिक सेवकांना या मर्यादेचा फायदा झाला. सहाव्या आयोगाच्या ७,००० रुपये किमान वेतनावर इंदुरातील शिपायास १,४०० रुपये भत्ता मिळत असे. तो एकदम ३,६०० वर गेला. ही बाजू सुखद आहे. परंतु हिशेब जरा पुढे नेला की दुसरी बाजू दिसते. १८,००० रुपयांचे १६ टक्के म्हणजे २,८८० आणि १८ टक्के म्हणजे ३,२४०. दोन्ही रकमा किमान मर्यादेच्या आतच आहेत. २० टक्के धरले तर बरोबर ३,६०० होतात. अर्थात नव्याने लागलेल्या सेवकास २०१७ मध्ये जे मिळत होते तेच २०२१ मध्ये आणि तेच २०२४ मध्येही मिळाले. दर दोनदा वाढले, त्याची रक्कम एकदाही वाढली नाही. ज्याचे बिऱ्हाड सर्वांत ताणलेले असते त्याच्याच बाबतीत ही गोष्ट घडावी, हा या रचनेतील दोष म्हणावयास हरकत नाही.

संसाराचा हिशेब

भत्ता वाढल्यावर तो सेवकाच्या घरात राहतो की घरमालकाकडे जातो, हा प्रश्न जगभर अभ्यासला गेला आहे. फ्रान्समध्ये १९९० च्या दशकात अल्प उत्पन्नाच्या भाडेकरूंना दिले जाणारे साहाय्य विस्तारण्यात आले. गाब्रिएल फाक या विदुषींनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार साहाय्यातील प्रत्येक युरोमागे सुमारे ७८ सेंट भाडेवाढीतच गेले. उलट अमेरिकेत १९७० च्या दशकात ग्रीन बे आणि साऊथ बेंड या दोन शहरांच्या परिसरात पात्र कुटुंबांना घरभत्ता देऊन जो प्रयोग करण्यात आला, त्यात भाडी जवळजवळ वाढली नाहीत. बहुतेक कुटुंबांनी घर न बदलता, भत्त्यातील थोडाच भाग घरावर खर्च केला होता.

या दोन्ही अनुभवांतून आपल्याकडील परिस्थितीवर थोडा प्रकाश पडतो. फ्रान्स व अमेरिकेतील भत्ते गरजू कुटुंबांसाठी होते. आपला भत्ता शासनाच्या सेवकास, तो सेवक आहे म्हणून मिळतो. मोठ्या शहरात शासकीय सेवक हा भाडेकरूंच्या गर्दीतील एक असल्यामुळे त्याच्या भत्त्याने बाजार हलत नाही. पण तालुक्याच्या गावी नळ, संडास आणि दोन खोल्या असलेली घरे मोजकी असतात आणि ती मागणारे शिक्षक, तलाठी, बँकेतील कारकून हेही मोजकेच असतात. तेथे वेतन आयोगाची बातमी छापून आली की घरमालकही ती वाचतो. अशा ठिकाणी भाड्याचा करार लेखी करून ठेवणे, त्यात वाढीचा दर आणि अनामत रक्कम नोंदविणे, हाच सेवकाच्या हातातील उपाय होय.

पती-पत्नी दोघेही सेवेत असतील तर भाड्याच्या किंवा स्वतःच्या घरात राहून दोघांनाही भत्ता घेता येतो. प्रत्येकी ५०,००० मूळ वेतन असलेले जोडपे दुसऱ्या वर्गाच्या शहरात दरमहा २०,००० रुपये भत्ता मिळविते. परंतु त्यांपैकी एकास त्याच ठिकाणी शासकीय निवासस्थान मिळाले तर दोघांचाही भत्ता बंद होतो. दुसरा वेगळा राहत असला तरीही. म्हणजे या जोडप्याच्या दृष्टीने शासकीय घराची खरी किंमत त्याचे नाममात्र शुल्क नसून ते शुल्क अधिक २०,००० रुपये अशी होते. गळके छप्पर आणि उखडलेली फरशी असलेल्या घरासाठी एवढी किंमत मोजण्यास कोण तयार होईल? काही वसाहतींत घरे रिकामी का राहतात, या प्रश्नाचे पुष्कळसे उत्तर या बेरजेत आहे. रिकामे घर शासनास दुहेरी महाग पडते. भत्ता द्यावा लागतो तो लागतोच आणि इमारतीची डागडुजीही टळत नाही.

सर्वांत नाजूक बाब सेवानिवृत्तीची आहे. निवृत्तिवेतन मूळ वेतनाच्या आधारे ठरते आणि त्यावर महागाईचा दिलासा मिळतो. घरभाडे भत्ता मात्र सेवेच्या शेवटच्या दिवशी संपतो. तीस वर्षे भाड्याच्या घरात काढलेल्या सेवकाचे वेतन निम्म्यावर येते त्याच महिन्यात घराचा भत्ताही जातो, आणि घरमालक भाडे निम्मे करीत नाही. पंचविशीत नोकरीस लागलेल्या तरुणाला हा दिवस फार दूर वाटतो. म्हणूनच भत्ता आणि प्रत्यक्ष भाडे यांतील फरक दरमहा बाजूला काढणाऱ्या कुटुंबात आणि तो किराणा मालाच्या यादीत विरू देणाऱ्या कुटुंबात साठाव्या वर्षी जमीन-अस्मानाचे अंतर पडलेले दिसते. केंद्रीय सेवकांसाठी २०१७ च्या नियमांनुसार घरबांधणी अग्रिमाची मर्यादा ३४ महिन्यांचे मूळ वेतन किंवा २५ लाख रुपये, यांपैकी जी कमी असेल ती, अशी करण्यात आली. पूर्वी ती साडेसात लाख होती. या अग्रिमावर साधे व्याज लागते. घर पूर्ण होऊन त्यात राहावयास गेल्यावरही भत्ता चालू राहतो आणि हप्त्याचा काही भार त्यातून उचलता येतो. ही सवलत ठाऊक नसल्यामुळे खाजगी कर्जाकडे वळलेले सेवक थोडे नाहीत.

आयकराच्या बाबतीतही समज अपुरा असतो. १९६१ च्या आयकर कायद्याखालील जुन्या पद्धतीत तीन रकमांपैकी सर्वांत लहान रक्कम करमुक्त धरली जात असे : प्रत्यक्ष भत्ता, भाड्यातून वेतनाचा दहावा हिस्सा वजा करून उरलेली रक्कम, आणि वेतनाच्या ४० टक्के, मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई येथे ५० टक्के. पणजीतील ५०,००० वेतनाचा, १०,००० भत्त्याचा आणि ९,००० भाड्याचा सेवक घेतला तर ९,००० मधून ५,००० वजा जाऊन ४,००० रुपयेच करमुक्त ठरतात. स्वतःच्या घरात राहणाऱ्याला या कलमाची सूट नव्हती. २०२० मध्ये आलेल्या नव्या करपद्धतीत ही सूटच नाही आणि २०२३-२४ पासून वेगळा पर्याय न दिल्यास तीच पद्धत लागू झाली. सूट गमावून कमी दर पत्करावयाचा की कसे, हे भाड्याच्या आकड्यावर अवलंबून राहते. ज्याचे भाडे लहान, त्याला सूट गेल्याचे दुःख फारसे नाही.

तिजोरीवरील भार

सातव्या वेतन आयोगाने आपल्या शिफारशींमुळे केंद्रावर पडणारा वाढीव वार्षिक भार १,०२,१०० कोटी रुपये होईल असा अंदाज दिला होता. त्यांपैकी घरभाडे भत्त्याच्या वाढीचे १७,२०० कोटी होते. म्हणजे साधारण सहावा हिस्सा. यात रेल्वेचाही समावेश होता. पुढे किमान मर्यादा इत्यादी सुधारणा केल्यामुळे सर्व भत्त्यांचा मिळून वाढीव भार २९,३०० कोटींवरून ३०,७४८ कोटींवर गेला. राज्यांचा खर्च याहून वेगळा. महागाई भत्ता ठराविक टप्प्यावर पोचताच दर आपोआप वाढण्याची तरतूद असल्यामुळे अंदाजपत्रक तयार करणाऱ्यास हा खर्च पुरेसा आधी दिसू शकतो, एवढी सोय मात्र आहे.

या भत्त्याचा एक विलक्षण परिणाम महागाईच्या आकड्यांत दिसला. २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात घरांचा वाटा १०.०७ टक्के होता. त्यात शासकीय निवासस्थानाचे भाडे मोजताना तेथे राहणाऱ्या सेवकाने सोडून दिलेला भत्ता हिशेबात घेतला जाई. त्यामुळे जुलै २०१७ मध्ये भत्ता वाढताच कागदावर शासकीय घरांची भाडीही वाढली. कोणीही जास्त पैसे मोजले नव्हते, तरी निर्देशांक चढला. रिझर्व्ह बँकेला व्याजदराचा विचार करताना हा परिणाम वेगळा काढून पाहावा लागला.

खेड्याच्या नजरेतून

गावकऱ्याला या साऱ्याशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. गावच्या शाळेतील शिक्षकाला मिळणारा भत्ता त्याने गावात खर्च करावा, अशी ग्रामस्थांची स्वाभाविक अपेक्षा असते. शिक्षक शहरातून ये-जा करू लागला की भाड्याचा पैसा शहरात जातो आणि संध्याकाळी शाळेचे कुलूप लागल्यावर मुलांना विचारावयास कोणी उरत नाही. महाराष्ट्रात या प्रश्नावरून बरेच वाद झाले. २०१९ मध्ये तेथील ग्रामविकास विभागाने मुख्यालयी राहण्याबाबत ग्रामसभेच्या ठरावाची अट घातली. शिक्षकांची बाजूही ऐकून घ्यावयास हवी. अनेक गावांत भाड्याने देण्याजोगे घरच नसते आणि ज्याचा भत्ता मूळ वेतनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा, त्याने घर बांधून घ्यावे असे सांगता येत नाही. ज्या ग्रामपंचायती दोन-चार नीटनेटकी घरे भाड्यासाठी उभारतात, त्यांना भाडेही मिळते आणि शिक्षकही.

दुसरी तुलना अधिक बोचरी आहे, पण ती टाळता येत नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात सपाट प्रदेशातील बेघर कुटुंबास घर बांधण्यासाठी १,२०,००० रुपये आणि डोंगराळ प्रदेशात १,३०,००० रुपये हप्त्याहप्त्याने मिळतात. आणि तेही आयुष्यात एकदाच. दुसऱ्या वर्गाच्या शहरातील ५०,००० मूळ वेतनाच्या सेवकाचा एका वर्षाचा घरभाडे भत्ता २० टक्के दराने बरोबर १,२०,००० रुपये होतो. सेवकाचा भत्ता हा त्याच्या सेवेच्या शर्तींचा भाग आहे, तो कोणी उपकार म्हणून देत नाही. त्याविषयी असूया बाळगण्याचे कारण नाही. तथापि घरकुलाच्या हप्त्यासाठी पंचायत कार्यालयात खेपा घालणाऱ्या शेतमजुराचा कागद ज्या मेजावर असतो, त्या मेजामागे बसणाऱ्याला हे दोन आकडे शेजारी शेजारी ठाऊक असलेले बरे.

राहता राहिला नित्याच्या कामकाजाचा भाग. बदली झाल्यावर नव्या ठिकाणी रुजू झाल्याच्या तारखेपासून तेथील वर्गाचा दर लागतो. पणजीहून सिंधुदुर्गातील एखाद्या गावी गेलेल्या केंद्रीय सेवकाचा दर २० वरून १० टक्के होतो. वेतन देयक जुन्या दरानेच निघत राहिले तर काही महिन्यांनी लेखापरीक्षणात ते उघडकीस येते आणि साऱ्या रकमेची वसुली वेतनातून होते. त्याचप्रमाणे पती किंवा पत्नी यांस शासकीय निवासस्थान मिळाले, आई-वडिलांच्या नावावरील शासकीय घरात राहण्यास सुरुवात केली, अथवा घर बदलले, तर त्याची लेखी माहिती कार्यालयास त्याच महिन्यात द्यावी आणि दिलेल्या अर्जाची पोच आपल्याजवळ जपून ठेवावी.